कसला वास?

दूध उतू जाऊन गॅसवर करपत होतं आणि बेबीताई शेजारीच बसून शांतपणे लसूण सोलत होत्या.

"आत्याबाई, दूध!" त्यांची सून धम्मशीला अंगणातून धावत आली.

"अवं माय, मले दिसलंच नाही," बेबीताई म्हणाल्या.

पाठ होती, दिसलं नसेल. पण करपल्याचा वास अंगणापर्यंत पोचला होता, त्याचं काय?

लग्न होऊन धम्मशीला हिवरा आश्रमाकडच्या या गावात आली, तेव्हा बसमधून उतरताच तिनं पदर नाकाला लावला होता. टेकाडापलीकडे हाडं उकळून खत करायचा कारखाना होता. तिथून येणारी कुजकट, गोडसर घाण घशात चिकटून बसायची. वऱ्हाडी मात्र पान चघळत, हसतखिदळत चालले होते.

"कसला वास?" तिचा नवरा प्रेमानंद तेव्हा अगदी भाबडेपणानं म्हणाला होता.

थट्टा करतोय असंच तिला वाटलं. मग शेजारणीला विचारलं, दुकानदाराला विचारलं. तेच उत्तर आणि तोच कोरा चेहरा. सगळं गाव मिळून आपल्याशी खोटं बोलतंय, असं वाटून तिच्या अंगावर काटा आला. पण खोटं कोणीच बोलत नव्हतं. माळ्यावर उंदीर मेला तरी इथं मुंग्यांची रांग लागल्यावरच कळायचं.

आता तिला दिवस गेले होते आणि ती हट्टाला पेटली होती.

"माह्या लेकराले आंब्याच्या मोहराचा वास आला पाहिजे," ती प्रेमानंदला म्हणाली. "नाही तर मी बुलढाण्याले माहेरी जातो. कायमची."

"तक्रार केली ना तू? मंग थांब जराशी."

तक्रार केली होती, आणि प्रदूषण मंडळाचे लोक एकदा येऊनही गेले होते. पण कारखान्याच्या मालकाला आधीच कुणकुण लागली. त्यानं भट्ट्या बंद ठेवल्या, हवा धुतल्यासारखी झाली आणि गावकऱ्यांनी साहेबलोकांनाच उलट विचारलं, "कसला वास?"

तपासणीला आलेल्या सुचिता मॅडमनी जाताना तिला बाजूला घेतलं.

"यंत्रं काय मोजायचं ते मोजतील. पण जबाब द्यायला गावातलं एक तरी माणूस हवं. पुढच्या वेळी आम्ही न कळवता येऊ. तुम्ही आहात ना?"

"मी आहो, मॅडम," ती म्हणाली.

तेव्हापासून ती आपल्या नाकाला जपू लागली. रोज उठली की दारात उभी राहून खोल श्वास घ्यायची. नाकात भपकारा शिरला की तिला हायसं वाटायचं. घाण आली म्हणून खूश होणारी अख्ख्या तालुक्यात ती एकटीच असेल.

त्या सकाळी दाट धुकं पडलं होतं. टेकाडसुद्धा दिसत नव्हतं. धम्मशीलानं बुद्धमूर्तीपुढे उदबत्ती लावली, मग आणखी एक लावली. पुडा थंडीनं सर्दावला असावा. ती दारात आली आणि तिनं श्वास घेतला.

हवा गार होती, निर्मळ होती.

तिचं धाबं दणाणलं. भट्ट्या बंद, म्हणजे तपासणी आजच असणार. आणि मालकाला ती पुन्हा आधीच कळली असणार!

तेवढ्यात फाट्यावरून जीपचे दिवे वळले. पोट सांभाळत ती रस्त्याकडे धावत सुटली.

"काऊन पळून राह्यली वं?" मागून बेबीताई ओरडल्या.

तिला रडू फुटायचंच बाकी होतं. इतके महिने वाट पाहिली आणि आज जबाबात सांगायचं तरी काय? खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. जीप थांबली तशी तिनं काचेवर थाप मारली.

"मॅडम, त्यानं आजही भट्ट्या बंद ठेवल्या! जराही वास नाही पाहा, हवा कशी साफ हाय!"

काच खाली आली नाही. आत सुचिता मॅडम नाकातोंडावर ओढणी घट्ट दाबून तिच्याकडे बघत होत्या, आणि पलीकडच्या दारानं उतरलेला ड्रायव्हर चाकाशी वाकून भडाभडा ओकत होता.