एका पायातली चप्पल
“मुंग्या येतात आळशांना,” इस्त्रीच्या दुकानाची मालकीण डॉक्टरांना ठणकावून म्हणाली. “मला काही झालेलं नाही. दोनदा अडखळले काय, या सूनबाईनं ओढत आणलं.” सून हात चोळत मागे उभी राहिली. वर्षापूर्वी तिचे हात बधिर होऊन गरम इस्त्री निसटली, तेव्हा सासूनं चारचौघांत तिला कामचुकार ठरवलं होतं. “पायांना सगळं जाणवतं?” डॉक्टरांनी विचारलं. “खडा टोचला तरी कळतो.” “मग एक चप्पल कुठाय?” सासूनं खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी होता, टाचेतून रक्त येत होतं. तिला पत्ताच नव्हता. सुनेनं पिशवीतली चप्पल काढून तिच्या पायाशी ठेवली. “वाटेत सांगत होते, आई, तर ‘गप चाल’ म्हणालात.” जिभेला हाड नसलेल्या बाईला मान वर करवेना. उठून तिनं सुनेला खुर्चीत बसवलं. “डॉक्टर, आधी हिचे हात बघा.”