मनवा मॅडम

बोलण्याची पाळी भिंतीच्या कडेकडेनं सरकत मनवाकडे येत होती.

भोईवाड्यातल्या एका व्यायामशाळेची ती खोली. डंबेल्स कोपऱ्यात लोटून सतरंज्या अंथरल्या होत्या. दादरची हॉटेल मॅनेजमेंटची संस्था एका रात्रीत कुलूप लावून पसार झाली होती. विद्यार्थ्यांच्या नावावरच्या कर्जाचे हप्ते मात्र चालूच होते. फसलेली पोरं आणि त्यांचे आईबाप आज एकत्र जमले होते. वकील यशोदाताई एकेकाला विचारत होत्या, "प्रवेश घेताना तुम्हाला काय सांगितलं होतं?"

जो तो तेच सांगत होता. मनवा मॅडमचा फोन आला. आवाज असा गोड, की शंका घ्यायची लाज वाटावी. नोकरीची हमी दिली. कर्ज म्हणाली नाही, फीचे हप्ते म्हणाली.

त्या मनवा मॅडमचा चेहरा इथं कुणी पाहिला नव्हता. ती फक्त फोनवर भेटायची. म्हणून तर मनवा इथवर येऊन बसू शकली होती. पण तोंड उघडलं की संपलं. दार पाठीशीच होतं. उठून गेली असती तर कुणी हटकलंही नसतं.

समोर शरच्चंद्र काका बसले होते, गिरगावचे, कचेरीतून निवृत्त झालेले. शेजारी त्यांची उर्वी, मान खाली घालून.

"वसुलीवाले आमच्या चाळीच्या जिन्यात उभे राहून हिच्या नावानं ओरडले," काका म्हणाले. "तेव्हापासून पोरगी गॅलरीतसुद्धा येत नाही. ती मनवा मला एकदा भेटू दे."

ते अगदी शांतपणे बोलले. त्या शांतपणानंच मनवा दाराकडे आणखी सरकली.

यशोदाताई म्हणाल्या, "ग्राहक आयोगाकडे एकत्र तक्रार करू. हप्ते थांबवायची मागणी करता येते. पण कर्ज देणारी फायनान्स कंपनी हात झटकतेय. संस्थेनं काय सांगितलं ते आम्हाला ठाऊक नाही, म्हणते. कंपनीचा माणूस संस्थेतच बसायचा, हे आतलं कुणीतरी सांगायला हवं."

मनवाला तो माणूस माहीत होता. त्याची खुर्ची तिच्या खुर्चीला लागून असे. कर्ज हा शब्द चुकूनही काढायचा नाही, ही तालीम त्यानंच दिली होती.

"तुझं नाव काय ग?" यशोदाताईंनी विचारलं.

पाळी आली होती. ती गप्प राहिली असती तरी चाललं असतं. मुलगी घाबरलीय, म्हणून त्या पुढे गेल्या असत्या.

"मनवा," ती म्हणाली.

उर्वीची मान झटक्यात वर झाली. "बाबा, हाच आवाज."

मनवा सतरंजीकडे बघत बोलत राहिली. त्या माणसाचं नाव, तो कुठं बसायचा, काय पढवायचा, सगळं. मग म्हणाली, "मीही तिथलीच, आधीच्या तुकडीची विद्यार्थिनी. फी झेपेना, म्हणून मला फोनवर बसवलं. कर्ज माझ्याही नावावर आहे. पण आयोगापुढे मी हे सांगेन."

"ते म्हणतील, तूही सामील होतीस," यशोदाताई म्हणाल्या. "यांचे हप्ते थांबले तरी तुझे थांबतील असं मी सांगू शकत नाही."

"माहीत आहे मला."

शरच्चंद्र काका उठले. सरळ तिच्याच दिशेनं आले. तिच्या अंगावरून हात लांब करून त्यांनी दार ओढलं आणि आतून कडी घातली. मनवानं डोळे गच्च मिटले आणि मान आखडून घेतली.

तिला कुणी हात लावला नाही. डोळे उघडले तेव्हा काका दाराला पाठ लावून तिच्या शेजारीच मांडी घालून बसले होते.

"वकीलबाई, तक्रारीत हिचंही नाव आमच्याबरोबर घाला," ते म्हणाले. "आणि ही बोलली हे कळलं की ते वसुलीवाले आधी हिच्या दारात जातील. आजपासून हिला एकटीला घरी जाऊ द्यायचं नाही."