हर्नियाचं ऑपरेशन

"पोक काढू नका. सरळ उभे राहा," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्याची छाती बोटांनी चाचपू लागल्या.

छाती बाईसारखी वाढू लागल्यापासून, वीस वर्षांत सरळ उभं राहणं हेच तर त्याला जमलं नव्हतं. चौतिसाव्या वर्षी, उघड्या अंगाने, परक्या बाईसमोर! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. रोज दहा लोकांना तो समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावायचा. आज तो स्वतःच समोरच्या भिंतीवरचा हात धुण्याचा तक्ता पुन्हा पुन्हा वाचत होता.

"गाठ आहे. नुसती चरबी नाही, व्यायामाने जायची नाही. घाला शर्ट."

त्याने आधी एक घट्ट बनियन घातलं, त्यावर दुसरं, मग शर्ट. बाईंनी ते पाहिलं.

"पूर्ण भूल देऊ. दोनेक तास लागतील. कडेने छोटा छेद घ्यायचा, चरबी नळीने ओढायची, गाठ कापून काढायची. एक-दोन दिवस दोन्हीकडे बारीक नळ्या राहतील. सूज येईल, निळंजांभळं दिसेल, बधिर वाटेल. त्याला घाबरायचं नाही. सहा आठवडे घट्ट बंडी, रात्रंदिवस. पंधरा दिवस हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. खरा आकार दिसायला तीन-चार महिने जातात."

"घरी कळेल का कुणाला?"

"तुम्ही सांगितलंत तर." बाईंनी फॉर्म पुढे ओढला. "आई, बहीण, मावशी, कुणाला स्तनाचा कर्करोग?"

तो शब्द ऐकूनच त्याचे कान तापले. "छे! आमच्याकडे तसलं काही नाही."

"नक्की?"

"आईचं एकदा अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं, मी दुसरीत असताना. बाकी ती ठणठणीत आहे."

बाईंनी 'नाही'वर खूण केली. "काढलेली गाठ तपासायला जातेच. आठवड्याने रिपोर्ट येईल."

घरी काय सांगायचं, हे त्याने जिन्यातच ठरवलं. त्यांच्या घरात आजारांना टोपणनावं द्यायची जुनी रीत होती. आजोबांच्या दारूला 'पित्त' म्हणत. मावशी वर्षभर अंथरुणावरून उठली नाही, तिला 'थकवा' होता. झाकली मूठ सव्वा लाखाची!

"आई, हर्नियाचं ऑपरेशन करायचंय. किरकोळच आहे."

आई भांडी पुसत होती. ऐन उन्हाळ्यातही तिच्या अंगात ते सैल, गळ्यापर्यंत बटणं लावलेलं जाकीट होतंच. या मायलेकांना थंडी फार वाजते, अशी शेजारी थट्टा करायचे.

"बरं," ती म्हणाली. कुठे, कसं, कधीपासून, काही विचारलं नाही. आपण किती सफाईने खोटं बोललो, याची त्याला गंमत वाटली. मग लाजही वाटली.

पिशवी तिनेच भरली. त्याने घडी करून ठेवलेले टी-शर्ट काढून तिने पुढे बटणं असलेले तीन शर्ट ठेवले. वर एक लहानशी उशी ठेवली, मऊ पडलेली, विटक्या निळ्या फुलांची. कापड त्याने ओळखलं. तो दुसरीत असताना ते ज्या घरात राहत होते, तिथल्या पडद्याचं.

"ही कशाला? पोटाला?"

"असू दे. लागेल."

ऑपरेशन सरळ पार पडलं. दुकानात काचा घासणाऱ्या सहकाऱ्याने त्याला चौथ्या दिवशी घरी आणून सोडलं. शर्टाखाली बंडी घट्ट आवळलेली होती. स्वयंपाकघरात त्याला वेगळंच दृश्य दिसलं. चहाचा डबा, कप, त्याचं ताट, सगळं वरच्या फळीवरून खाली ओट्यावर आलं होतं.

"हे खाली का?"

"मलाच आता वर हात पुरत नाही," आई म्हणाली.

तो खुर्चीत टेकला आणि खोटं निभवायचं म्हणून उशी पोटावर धरून बसला. हात कसाही ठेवला तरी कळ येत होती. आईने उशी उचलली आणि अलगद त्याच्या काखेत सरकवली. हात उशीवर विसावला आणि कळ थांबली.

"पोटावर नाही रे. इथे."

त्याचा चेहरा लालबुंद झाला. "तुला माहीत होतं?"

"सातवीपासून दोन दोन बनियनं धुतेय तुझी. मला कळणार नाही होय?"

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तू लाजत होतास. म्हटलं, लाजणाऱ्याला आणखी काय लाजवायचं!"

त्याला रडू आलं. वीस वर्षं लपवलेलं दोन वाक्यांत बाहेर आलं होतं आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं. छातीतून हुंदका आला की टाके ओढायचे, म्हणून तो बेतानेच रडला. आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"आता लपवाछपवी नाही," तो नाक पुसत म्हणाला. "कुणाकडेच नाही."

"हं." आई समोर बसली. ती त्या उशीकडेच बघत होती. "डॉक्टरांनी घरच्यांबद्दल विचारलं असेल ना? कुणाला काय झालं होतं वगैरे?"

"विचारलं. मी म्हटलं, कुणाला काही नाही."

आईची मान खाली गेली. जाकिटाचं वरचं बटण तिने एकदा सोडलं, पुन्हा लावलं. असं लाजलेलं तिला त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"रिपोर्ट यायच्या आत त्यांना फोन कर," ती हळूच म्हणाली. "सांग, आईचं ते अपेंडिक्स नव्हतं."