टीकीचा मळ

"चांगली घासून दे," पारेकुरा म्हणाली. "वास मारतेय."

आणि तिने आईच्या गळ्यातली टीकी जेवणाच्या टेबलावर ठेवली, उष्ट्या बशांच्या शेजारी. काल सकाळपर्यंत मेलेल्या आईच्या छातीवर असलेली वस्तू, आणि अन्नाच्या टेबलावर! असं करत नाहीत हे इथल्या होकिटिका गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण थोरली पारेकुरा पडली पर्थची, कित्येक वर्षं समुद्रापलीकडे राहिलेली. तिकडे चालत असेल, देव जाणे.

धाकट्या बहिणीने, रोइमाताने, टीकी चटकन उचलली. बोटभर लांबीची, हिरव्या दगडात कोरलेली, मान कलती करून बसलेली आकृती. पणजीपासून घरातल्या बायकांच्या गळ्यात होती. आईने अंथरूण धरल्यावर ती रोइमाताच्या गळ्यात घातली. आई गेली तेव्हा रोइमातानेच ती काढून तिच्या छातीवर ठेवली. शवपेटीचं झाकण लागेपर्यंत ती तिथेच ठेवतात. काल मामाने ती उचलली आणि सगळ्या गोतासमोर थोरलीच्या हातात दिली. थोरली ती थोरली. रोइमाताने ब्र काढला नाही. मामाचा शब्द चारचौघांत कोण मोडणार? आज संध्याकाळी थोरलीचं विमान होतं, आणि टीकी तिच्याबरोबर चालली होती.

"तो वास आईच्या मलमाचा आहे," रोइमाता म्हणाली.

"तेच म्हणतेय ना मी! आणि चिकट किती झालीय. तुम्ही लोक कधी पुसत नाही का गं? डोळ्यांत बघ काय मळ साठलाय."

तुम्ही लोक! रोइमाताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

डोळ्यांतला तो मळ म्हणजे तांबडी माती होती, आजीने तेलात कालवून भरलेली. आणि चिकटपणा होता अंगाच्या तेलाचा, चार पिढ्यांच्या बायकांच्या घामाचा. त्यानेच हा दगड उजळतो. म्हणून जुनी टीकी कुणी धूत बसत नाही, गळ्यात घालतात. हे एका वाक्यात सांगता आलं असतं. वाक्य रोइमाताच्या जिभेवर आलंही होतं. तिने ते गिळलं.

"देते की घासून," ती म्हणाली. "बस तू."

ती मागच्या खोलीत, कपडे धुवायच्या टाकीशी गेली. भांडी घासतो तिथे टीकी धुवायची नाही, एवढं भान तिला त्या रागातही होतं. टाकीला बूच लावून तिने गार पाण्याची तोटी सोडली. मग सोडा घेतला, साबण घेतला, दातांचा जुना ब्रश घेतला. पाठ घासली, पोट घासलं, दोरीचं भोक घासलं. दात-ओठ खाऊन घासलं. आईचं तेल चाललंय, आपलंही चाललंय, हे तिला कळत होतं आणि हात काही थांबत नव्हता. न्यायचा आहे ना दगड? ने. नुसता दगडच ने.

चहाचा कप घेऊन पारेकुरा दारात आली.

"हे तांबडं काय येतंय?"

"मळ."

"रक्तासारखं दिसतंय गं."

"आजीने डोळ्यांत भरलेली माती आहे ती."

पारेकुराने कप कुठेतरी आदळला आणि झडप घालून तोटी बंद केली. "वेड लागलंय का तुला? आधी का नाही बोललीस?"

"तू विचारलंस का, ताई? मळ म्हणालीस. काढला."

"मुद्दाम केलंस तू हे."

"हो. मुद्दाम केलं."

"जळतेस तू माझ्यावर. मामाने मला दिली, मी थोरली म्हणून."

"थोरली! आईचं ढुंगण धुवायचं होतं तेव्हा कुठे होती गं थोरली?"

"रोज फोन करत होते मी! रोज!"

"फोनवरून आईला कुशीवर वळवता येत नाही, ताई."

रोइमाताने टीकी फडक्याने टिपली आणि पारेकुरापुढे धरली. दगड पांढुरका पडला होता. डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा. बाजारातल्या दुकानात पर्यटकांसाठी ओळीने टांगलेल्या असतात, त्यातलीच एक वाटत होती. तरी माघार घ्यायला रोइमाता तयार नव्हती.

"आता ही परत चमकणार कशी?" पारेकुराने विचारलं. आवाज पार उतरला होता.

"अंगावर घालून. रोज. झोपतानासुद्धा. आईचं निम्मं आयुष्य गेलं त्यात."

पारेकुराची साठी जवळ आली होती. तिने हिशेब केला की नाही कोण जाणे. तिने टीकी ओढून घेतली, दोरी डोक्यावरून घातली आणि दगड सदऱ्याच्या आत सोडला. तो छातीला लागताच ती अंग चोरून उभी राहिली.

"गार लागतंय गं," ती पुटपुटली.

रोइमाताने टाकीचं बूच उपसलं. तांबूस पाणी गुरगुरत खाली जाईपर्यंत ती बघत राहिली.

"आईही गारच होती," ती म्हणाली, "तू पोचलीस तेव्हा."