आगांचा हात

आधी मागून ठक्क असा आवाज आला, मग अख्खं विमान थरथरायला लागलं. सहवैमानिक आयसाऊलेच्या मांडीवरची पेन्सिल घरंगळत खाली गेली.

"आगा, इंजिन!" ती म्हणाली.

मुख्य वैमानिक कैरोल्ला वयाने थोरले, म्हणून तरुण वैमानिक त्यांना आगा म्हणत. त्यांनी विमानाचं नाक सरळ धरलं. "घाई नको गं पोरी. उडतंय ना? उडू दे त्याला."

खाली बर्फाने झाकलेला माळ होता, त्यावर लख्ख ऊन. मागे स्ट्रेचरवर एक बाळंतीण होती. रक्त थांबत नव्हतं म्हणून तिला झेझकाझ्गानहून अस्तानाला न्यायला निघालेले. तिच्या उशाशी डॉक्टर रायखान. दोन इंजिनांचं ते लहानसं जेट. एक इंजिन गेलं तरी दुसऱ्यावर सुखरूप उतरता येतं, पण बंद करायचं ते बिघडलेलंच करायला हवं. घाईत चांगलं इंजिनच बंद केलं की सगळाच कारभार आटोपला.

आणि या विमानाची दोन्ही इंजिनं शेपटीपाशी, एकमेकांना जवळजवळ खेटून. त्यातलं कुठलं थरथरतंय ते अंगाला काही कळत नाही. कैरोल्ला आगांना मात्र वाटलं, कळलं. उजवंच. मागच्या महिन्यातही त्या उजव्यानेच छळलं होतं. त्यांचा हात उजव्या इंजिनाच्या दांड्यावर गेला.

"उजवं बंद करतोय. हेच ना?"

शेजारच्याने बघून सांगितल्याशिवाय दांडा ओढायचा नाही, असा नियमच आहे. पण आयसाऊले वयाने त्यांच्या मुलीएवढी, आणि थोरल्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणायचं तिच्या माहेरी कुणी शिकवलेलं नव्हतं. तिने समोरच्या तबकड्यांवरच्या काट्यांकडे पाहिलं. डाव्या इंजिनातल्या तेलाचा दाब शून्यावर आला होता. उजवं ठणठणीत होतं.

"नाही आगा," ती म्हणाली आणि चक्क हसली. "डावं आहे. अहो, आता तरी परीक्षा नका ना घेऊ!"

ही परीक्षा झाडून सगळ्या नव्या वैमानिकांना ठाऊक होती. सरावाच्या वेळी आगा मुद्दाम चुकीच्या दांड्यावर हात ठेवायचे आणि भोळ्या चेहऱ्याने 'हेच ना?' विचारायचे. जो 'हो आगा' म्हणेल त्याचं काही खरं नसायचं. "घरी मटण वाढताना म्हण हो आगा, हो आगा. इथे डोळे उघडून बघ की लेका!"

आगांनी काट्यांकडे पाहिलं. त्यांनी हात उचलला, डाव्या दांड्यावर ठेवला.

"डावं. हेच ना?"

"हेच. डावं."

त्यांनी दांडा सावकाश मागे घेतला तशी थरथर कमी होत गेली. इंधन तोडलं आणि ती थांबली. मागे बाळंतीण कण्हली तेसुद्धा ऐकू आलं.

डॉक्टर रायखानने पडद्यातून डोकं आत घातलं. "काय चाललंय काय तुमचं? सुई धरून धरून माझा हात मोडला!"

"झालं डॉक्टर. अस्ताना राहू द्या आता, जवळच्या करागंदाला उतरतोय. खाली अ‍ॅम्ब्युलन्स सांगितलीय."

"कुठंही उतरा बाबा. तिथे रक्त मिळालं म्हणजे झालं."

करागंदाची धावपट्टी बर्फ झाडून काळीभोर केलेली होती. एका इंजिनावर विमान इतकं अलगद टेकलं की बाळंतिणीने विचारलं, पोचलो का? अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढताना डॉक्टरने वळून हात हलवला. आगांनीही हलवला.

मग विमानतळावरच्या माणसांनी दोघांना आपल्या खोलीत नेलं, शेगडीपाशी बसवलं. आयसाऊले सगळ्यांत लहान, म्हणून चहा ओतायचं काम तिच्याकडे आलं. ती ओतता ओतता रंगवून सांगत होती.

"अशा वेळी लोकांचे हातपाय गळतात. आणि आमचे आगा? परीक्षा घेतात! मागे बाई मरायला टेकलीय, इंजिन गेलंय, आणि हे मला विचारतायत, उजवंच ना गं?"

सगळे खो खो हसले. एक म्हातारा मेकॅनिक आगांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तू काही माणूस नव्हेस रे कैरोल्ला!"

आगांनी फक्त हसायचं होतं. तेवढ्याने भागलं असतं. त्या दांड्यावरचा हात आयसाऊलेखेरीज कुणी पाहिला नव्हता. खरं सांगितलं तर चौकशी बसणार, आणि या वयात एकदा खाली बसवलेल्या माणसाला पुन्हा वर कोण सोडतंय? विमान चालवण्यावाचून त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि शिकायची हौसही नव्हती. त्यांनी वाटीतल्या चहाचा घोट घेतला.

"परीक्षा नव्हती ती," ते म्हणाले.

"बघा, अजून सोडत नाहीत मला!" आयसाऊले म्हणाली, आणि पुन्हा हशा पिकला.

"आयसाऊले." आगांनी वाटी खाली ठेवली. "मी चुकलो होतो. मला उजवंच वाटलं होतं. तू नाही म्हणाली नसतीस तर मी उजवं बंद केलं असतं. आत्ता ऑफिसला फोन करून हेच सांगणार आहे."

म्हाताऱ्या मेकॅनिकने उगाच शेगडीत कोळसा टाकला.

आयसाऊलेचं हसू मावळलं. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्यांच्या हाताकडे. बोलली तेव्हा इतकं हळू बोलली की ते फक्त आगांनाच ऐकू गेलं.

"तुम्ही खरंच विचारताय हे मला कळलं असतं ना आगा, तर मी 'हो' म्हटलं असतं."