पाचवीचं नाव

अनुवादकाने चौथ्यांदा चष्मा पुसला. समोर जपानी कुटुंबनोंदीचा जुना उतारा पसरलेला होता आणि टेबलापलीकडे बसलेली तरुणी उत्तराची वाट बघत होती. तिला नववा महिना लागला होता. खुर्चीत धड बसवत नव्हतं, दर दोन मिनिटांनी ती सरकायची. शेजारी तिची आजी मांडीवर पर्स घट्ट धरून खिडकीबाहेर बघत होती. आजी लग्न होऊन जपानहून या देशात आली त्याला साठ वर्षं झाली होती. आता कसल्याशा दाखल्यासाठी तिच्या जन्मनोंदीचं भाषांतर हवं होतं.

आजीच्या चार थोरल्या बहिणींची नावं त्याने मजेत उलगडून सांगितली होती. हारू म्हणजे वसंत. किकू म्हणजे शेवंती. चियो म्हणजे हजार पिढ्या. शिझू म्हणजे शांत. नात प्रत्येक नावाला खुलत होती.

"आणि पाचवी? तोमे? आमची आजी?"

तेव्हापासून त्याचा चष्मा सारखा धुरकट होत होता.

"आजीला विचारलं की म्हणते, जुनं नाव आहे, अर्थबिर्थ काही नाही," नात म्हणाली. "पण मला बाळाचं नाव तेच ठेवायचंय. मुलगीच आहे. टोपीवर विणूनही झालंय."

आजीने झटकन मान वळवली. हे तिला ठाऊक नव्हतं.

अनुवादक उठला. पंखा कमी केला, पुन्हा वाढवला. असली नावं त्याच्या हाताखालून बरीच गेली होती. कोरियन कागदांतही भेटायची, 'शेवटची' अशा अर्थाची. ओळीतल्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या मुलीची. पण अर्थ आजवर कुणी विचारला नव्हता. अर्जात तसा रकाना नसतो.

"नाव कुठल्या चित्राक्षरात लिहिलंय त्यावर अर्थ ठरतो," तो म्हणाला. "इथे नुसता उच्चार लिहिलाय. तेव्हा..."

"तरी काहीतरी असेलच ना?"

"थांबणं. टिकणं," तो घाईने म्हणाला. "उदंड आयुष्याचं नाव आहे. चांगलं आहे."

"बघ आजी. आणि तू म्हणे अर्थ नाही."

"साहेब," आजी म्हणाली, "चौघींची खरी सांगितलीत. पाचवीचंही सांगा की."

त्याने पुन्हा चष्मा काढला. मग आजीच बोलली, कुणाला घरचा पत्ता सांगावा तशी.

"तोमे म्हणजे थांब. मुली पुरे झाल्या आता. माझ्यानंतर भाऊ झाला. नाव लागू पडलं, म्हणायचे सगळे."

नात सरकायची थांबली. "तू कधी सांगितलं नाहीस."

"माझ्या नावाचं गाणं करून घरभर नाचायचीस तू. तेव्हा सांगायचं होतं?"

"तुला राग नाही आला कधी?"

"लहानपणी कळतच नव्हतं. वाटायचं, मलाच थांब म्हणतायत. पळता पळता कुणी हाक मारली की आहे तिथे उभी राहायचे." आजी एकटीच थोडंसं हसली.

नातीने तळहाताने डोळे पुसले. "मी तेच ठेवणार. अर्थ गेला खड्ड्यात. माझ्यासाठी तोमे म्हणजे तू."

"नको गं. ते माझ्यापाशीच राहू दे."

"मग काय ठेवू? दिवस किती राहिलेत? दवाखान्यात रोज विचारतात, नाव ठरलं का, नाव ठरलं का. तूच सांग एखादं. वसंत म्हण, शेवंती म्हण, काहीही."

अनुवादकाने नकळत कोरा कागद पुढे सरकवला आणि पेनाचं टोपण काढलं.

आजीने त्या कागदाकडे बघितलंही नाही. पर्स खाली ठेवून तिने नातीच्या पोटावर हात टेकला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला.

"तिला येऊ दे आधी," ती म्हणाली. "नीट बघ तिच्याकडे. मग ठेव."