सोमवारचं मौन

"आमच्या शाळेत कसला आलाय जॅमर, साहेब?" कारकून घाणेकर हसत म्हणाले. "आणि बाईंना विचारून उपयोग नाही. दर सोमवारी बारापर्यंत त्यांचं मौन असतं."

मुख्याध्यापिका कुमुदिनीबाई खुर्चीत अवघडून बसल्या होत्या. मुलांनी वर्गात मोबाइल बघू नये म्हणून त्यांनीच नेटवर्क बंद पाडणारा हा जॅमर आणवला होता. मागच्या कपाटात तो आत्ताही चालू होता.

"परवानगीशिवाय जॅमर लावणं गुन्हा आहे," दूरसंचारचा अधिकारी म्हणाला. "समोरच्या दवाखान्याची तक्रार आहे. शनिवारी एका आजोबांना धाप लागली, तर अँब्युलन्सला फोनच लागेना. शेवटी रिक्षात घालून नेलं. थोडक्यात वाचले. उद्या यंत्र घेऊन शोधायला येतो." बाईंना नमस्कार करून तो निघाला. "चालू द्या तुमचं व्रत."

तो जिना उतरताच घाणेकर कानाशी आले. "बाई, संध्याकाळी गुपचूप काढून टाकतो. निवृत्तीला सहा महिने उरलेत, कशाला पेन्शनवर पाणी सोडायचं?"

बाई बोटांत पदर पिळत राहिल्या. बाराला अजून दहा मिनिटं होती. चौदा वर्षांत नेम मोडला नव्हता, पण आज हे गप्प बसणं त्यांना सोसवेना. खाली मोटारसायकल सुरू झाली, तशा त्या खिडकीकडे धावल्या.

एरवी मौन सोडताना त्यांच्या तोंडून आधी देवाचं नाव निघे.

"साहेब, थांबा! जॅमर माझ्याच कपाटात आहे!"

मैदानातली सगळी मुलं वर बघू लागली.